अंगठ्यालाही सुट्टी दे

ताई,

मी २५ वर्षांचा आहे. डोंबिवलीला आई, बाबा आणि धाकटी बहीण यांच्यासोबत वन बीएचकेमध्ये राहतो. अंधेरीत एका स्टुडिओत दोन वर्षांपासून व्हिडिओ एडिटर आहे. पॉडकास्टचे एपिसोड, त्यातून काढलेल्या रील्स, मधूनमधून जाहिराती असं काम असतं. सुट्टीच्या दिवशी ओळखीतल्या लग्नांचे व्हिडिओही करतो. कॉलेजात सिनेमाचं वेड होतं, म्हणून तर या लाइनमध्ये आलो. आता सिनेमा लावला की दहा मिनिटांत हात फोनकडे जातो. दीडपट स्पीडवर टाकतो, तरी पुढे ढकलतो. गोष्ट राहते बाजूला, कटच दिसत राहतात. आई मालिका बघत असली की मी मध्येच बोलतो, "हा शॉट आधीच वापरलाय," आणि ती वैतागते. रात्री अकराला घरी पोचतो, जेवतो आणि अडीच-तीनपर्यंत रील्स बघत पडतो. त्यातलं सकाळी एकही आठवत नाही. बाबा म्हणतात, "दिवसभर व्हिडिओच तर बघतोस, दमायला काय झालं?" त्यांना काय सांगू कळत नाही. माझं सिनेमावरचं प्रेम संपलं का? की मी या कामासाठी बनलेलोच नाही?

ता. क. बोनस मिळालाय. मोठा टीव्ही घेऊ का? घरी तरी नीट सिनेमा बघेन.

एक संकलक, डोंबिवली


प्रिय मित्रा,

आधी बाबांच्या प्रश्नाकडे जाऊ. त्याचं उत्तर मिळालं की तुझ्या बऱ्याच प्रश्नांची गाठ सुटेल.

तू दिवसभर बघत नसतोस, निवडत असतोस. बाहेरून हा फरक दिसत नाही, कारण दोन्ही करताना माणूस खुर्चीत बसून पडद्याकडेच बघत असतो. एक तासाचा पॉडकास्ट तीन कॅमेऱ्यांवर शूट झाला की तुझ्यासमोर तीन तासांचा माल येऊन पडतो. आवाज वेगळा, तो सिंक करायचा. मग सुरू होतं. बोलणाऱ्यावर राहू की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जाऊ? हात हवेत असताना कापलं तर जर्क येईल का? वाक्याची अडखळलेली सुरुवात काढली तर पुढचं जुळेल का? पहिल्या तीन सेकंदांत काय ठेवू म्हणजे बघणारा थांबेल? रील एका मिनिटाची असते, पण तिच्यासाठी हो-नाही, हो-नाही किती वेळा केलं हे तुझं तुलाही सांगता येणार नाही. मी मालिकांच्या एडिट रूममध्ये बरीच वर्षं काढली आहेत. एपिसोडची बँक, म्हणजे आधी तयार करून ठेवलेले भाग, संपलेली, रात्री टेलिकास्ट, आणि बावीस मिनिटांत बसवायचा भाग अजून सव्वीस मिनिटांवर अडलेला, असा दिवस काढून घरी आलं की "चहा की कॉफी?" एवढंही कुणी विचारू नये असं वाटायचं. हा थकवा ठरवण्याचा असतो आणि तो खरा असतो. बाबांना शब्दांनी हे पटणार नाही. एखाद्या रविवारी त्यांना शेजारी बसव आणि एक रील पहिल्या कटपासून त्यांच्यादेखत कर. अर्ध्या तासाने ते आपण होऊन उठतील आणि पुन्हा तो प्रश्न विचारणार नाहीत.

आता रात्रीचं बघ. अंथरुणावर पडून तू काय करतोस? पहिला सेकंद बघतोस, ठेवू की काढू ते ठरवतोस, अंगठा फिरवतोस. पुन्हा पहिला सेकंद, पुन्हा अंगठा. हे तुझंच काम आहे. माल दुसऱ्याचा, डेडलाइन नाही, पगारही नाही, पण काम तेच. म्हणून तीन तास करमणूक करूनही तुला आराम मिळत नाही आणि सकाळी काही आठवत नाही. जिथे आपण थांबलोच नाही ते लक्षात कसं राहणार? दिवसभर तांदूळ निवडणाऱ्या बाईला रात्री ताटातल्या भातातही खडेच दिसतात, तसं तुझं झालं आहे. भाताशी तिचं भांडण नसतं.

म्हणून "स्क्रीन टाइम कमी कर" असा सल्ला मी तुला देणार नाही. तुझं पोट स्क्रीनवर आहे. तुला हवी आहे ती अशी करमणूक जिच्यात कट तुझ्या हातात नसेल. पुढे ढकलता येणार नाही, वेग वाढवता येणार नाही, नको म्हणून सरकवता येणार नाही. मुंबईत ती भरपूर आहे आणि तुझ्या वाटेवरच आहे.

नाटकाला जा. तुझ्या घराजवळ सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे, ठाण्यात गडकरी रंगायतन, कामाच्या बाजूला पार्ल्याचं दीनानाथ मंगेशकर. दादरचं शिवाजी मंदिर आणि माटुंग्याचं यशवंत तर रविवारी रात्रीसुद्धा परतीच्या गाडीच्या हिशोबात बसतात. मेगाब्लॉक तेवढा आधी बघून घे. नाटकच का, हे नीट सांगते, कारण माझ्या सगळ्या सल्ल्यात हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

तुझ्या कामातला मोठा भाग श्वास काढून टाकण्याचा आहे. पॉडकास्टमध्ये माणूस विचार करायला थांबतो, "अं" म्हणतो, आवंढा गिळतो. एडिटिंगच्या टाइमलाइनवर आवाजाची ती सपाट रेषा दिसली की तू रिपल डिलीट मारतोस, तुकडा जातो आणि पुढचं सगळं मागे सरकून चिकटतं. स्टुडिओला तेच हवं असतं, कारण फोनवर बघणारा पळून जाईल ही भीती असते. हे दोन वर्षं रोज केल्यावर तुझ्या कानाला थांबणं सोसेनासं झालं आहे. सिनेमातलं पात्र खिडकीपाशी उभं राहून नुसतं बाहेर बघतं तेव्हा तुझा हात फोनकडे जातो तो म्हणूनच. ती जागा तुला चूक वाटते, कापायची राहून गेलेली. नाटकात नट वाक्य अर्ध्यावर सोडतो आणि थांबतो. समोर भरलेलं प्रेक्षागृह असतं. कुणाला खोकलाही येत नाही. त्या थांबण्यात काय चाललं आहे हे प्रत्येकाला आपापलं कळतं, आणि मग पुढचा शब्द येतो तो कुठे पडतो ते तू बघशील. तो गॅप तू काढला असतास. दोन-तीन नाटकांत अशा जागा भेटल्या की टाइमलाइनवरच्या सपाट रेषांकडे तू वेगळ्या नजरेने बघायला लागशील याची मला खात्री आहे.

आणखी एक. रंगमंचावर दोन पात्रं भांडत असतात आणि तिसरं कोपऱ्यात कपड्यांच्या घड्या घालत असतं. क्लोजअप द्यायला कुणी नाही. तुझी नजर आपोआप फिरते, कधी भांडणावर, कधी त्या थरथरणाऱ्या हातांवर. पण काही फेकलं जात नाही. सगळं तिथेच असतं, सगळ्यांना एकच वेळ लागू असतो. डोक्याला विश्रांती मिळते ती तिथे. शिवाय तिसरी घंटा झाल्यावर फोन बंद करावा लागतो, मध्यंतरात बटाटावडा मिळतो आणि शेजारच्या अनोळखी काकू "पहिला अंक बरा होता, नाही?" असं विचारतात. हेही तुला हवं आहे. स्टुडिओत हेडफोन, गाडीत इअरफोन, घरी पुन्हा इअरफोन. दिवसभरात तुझ्याशी किती माणसं बोलतात रे?

हिंदी नाटक चालत असेल तर जुहूचं पृथ्वी आहे. १९७८ मध्ये सुरू झालेलं ते थिएटर लहान आहे, प्रेक्षक तीन बाजूंनी बसतात, नट इतका जवळ असतो की त्याचा श्वास ऐकू येतो. आणि जानेवारीत चतुरंग प्रतिष्ठानची सवाई एकांकिका स्पर्धा असते, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रात्री, रात्रभर. तुझ्याच वयाची मुलं असतात, रंगमंचावरही आणि खुर्च्यांतही. तुला रात्री जागायची सवय आहेच, ती एक रात्र तरी तिथे जागव.

सिनेमाकडे परत यायचं तर थेट अडीच तासांच्या चित्रपटाने सुरुवात करू नकोस. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चित्रं पहिल्यांदा दाखवली गेली. काळा घोड्याजवळची ती लोखंडी सांगाड्याची इमारत तू बाहेरून पाहिली असशील. त्यातलं प्रत्येक चित्र साधारण पन्नास सेकंदांचं, म्हणजे तुझ्या रीलएवढंच. पण त्यात एकही कट नाही. कॅमेरा एका जागी, आगगाडी फलाटावर येते, माणसं चढतात-उतरतात, रीळ संपतं. एवढंच. ती चित्रं आज नेटवर सहज मिळतात. फोन लांब ठेवून, लॅपटॉपवर, मूळ वेगाने रोज एक बघ. दुसऱ्यांदा बघशील तेव्हा कडेने जाणारी एखादी बाई, एखादं मूल दिसेल जे पहिल्यांदा दिसलं नव्हतं. पन्नास सेकंद न कापता बसता आलं की मग लघुपट, मग माहितीपट, मग मोठा सिनेमा. मोठा सिनेमा मात्र थिएटरातच बघ, निदान पहिले काही महिने. प्रभात चित्र मंडळासारखी फिल्म सोसायटी मुंबईत १९६८ पासून सिनेमे दाखवते आहे, तिचं सभासदत्व घेता येतं. तिथे सिनेमानंतर लोक उभ्याउभ्या वाद घालतात, आणि आपण पाहिलेलं कुणाला तरी सांगावं लागलं की ते आपल्याजवळ राहतं.

दीडपट वेगाबद्दल माझं मत पक्कं आहे. सॉफ्टवेअरचे ट्युटोरियल दीडपटने बघ, दुपटीने बघ, काही बिघडत नाही. कुणीतरी तुझ्यासारख्याच माणसाने खोलीत बसून ठरवलेली लय मात्र मोडू नकोस. तुझ्या कटला कुणी तसं केलं तर तुला काय वाटेल ते तूच ओळखशील.

आईबद्दल थोडं कडक बोलते. ती मालिका बघत असताना मध्ये बोलणं आजपासून बंद. वॉल्टर मर्च या अमेरिकन संकलकाने कट कुठे घ्यावा याचे सहा निकष सांगितले आणि त्यांना वजनं दिली. भावनेला ५१ टक्के, कथेला २३, लयीला १०. प्रेक्षकाची नजर, चौकटीतली दिशा, जागेची सलगता, या उरलेल्या तिघांना मिळून १६. शॉट पुन्हा वापरला, हात आधी टेबलावर होता आणि आता मांडीवर आहे, हे तुला दिसतं ते त्या तळाच्या टक्क्यांमधलं. आई जे बघते ते वरचे ५१. सून खरं बोलेल की गिळून टाकेल, याकडे तिचं लक्ष लागलेलं असतं. तिच्या शेजारी बस आणि विचार, "पुढे काय होईल गं?" मग पडद्याकडे कमी आणि तिच्या चेहऱ्याकडे जास्त बघ. ती कुठे पुढे झुकते, कुठे उठून कुकर बघायला जाते. ज्या प्रेक्षकासाठी तू दिवसभर कापतोस तो इथे हाताच्या अंतरावर बसला आहे.

आता तुझे दोन मोठे प्रश्न. प्रेम संपलं का? ते आज कळायला मार्गच नाही, कारण दोन वर्षांत तू सिनेमा बघितलेलाच नाहीस. चाळला आहेस. आधी सहा महिने वर सांगितलं तसं बघ, मग स्वतःला विचार. या कामासाठी बनलो नाही का? दमलेल्या डोळ्यांनी, अकरा-बारा तास घराबाहेर काढून आल्यावरही आईच्या मालिकेतला पुन्हा वापरलेला शॉट तुला दिसतो. नजर आहे तुझ्याकडे. फक्त तिला एकाच प्रकारचं खाणं मिळतं आहे. पॉडकास्टमधले श्वास काढणं हे संकलनातलं एक काम झालं, सगळं संकलन नव्हे. आणि यावरचा उपाय तुझ्याच हातात आहे, तो म्हणजे तुझी लग्नं. तिथे तीन सेकंदांचा धाक नाही. पाठवणीच्या वेळी मुलीचा बाप मांडवाच्या खांबाला धरून उभा असतो, त्या शॉटवर गाणं लावू नकोस, स्लो मोशन करू नकोस, कापू नकोस. शूट करणाऱ्याने जेवढा धरला असेल तेवढा राहू दे. त्या घरातली माणसं तो भाग वर्षानुवर्षं पुन्हा लावून बघतील. मात्र महिन्यातला एक रविवार लग्नालाही द्यायचा नाही, तो तुझा.

रात्रीची व्यवस्था थोडक्यात सांगते. मेट्रोने घाटकोपर आणि तिथून डोंबिवली, या प्रवासात उभं राहून नाकासमोर फोन धरण्यापेक्षा नुसतं ऐक. श्रुतिका ऐक, आकाशवाणी ऐक, नाट्यसंगीत ऐक, झेपत नसेल तर काहीच ऐकू नकोस. घरी आल्यावर जेवणाच्या आधी फोन फ्रिजवर चार्जिंगला लाव आणि सकाळपर्यंत तो तिथेच राहू दे. गजरासाठी साधं घड्याळ आण. वन बीएचकेमध्ये स्वतःची खोली नसते, त्यामुळे सगळे झोपल्यावरचे तेच काय ते आपले तास असं वाटतं. रात्री तीनपर्यंत जागण्यात तो भाग मोठा असणार, आणि ती गरज रास्त आहे. पण एकांत अंथरुणातच मिळतो असं नाही. स्टेशनवरून घरी येताना रिक्षा सोडून चालत ये. सुट्टीच्या सकाळी खाडीच्या बाजूला फिरून ये. बहिणीला सांग, आठवड्यातून एक संध्याकाळ हॉल तुझा.

कामाच्या मेसेजचं तू लिहिलं नाहीस, पण रात्री अकरा वाजता "एक छोटासा चेंज आहे" येत नाही असा एडिटर मी पाहिलेला नाही. बाहेरच्या कामांत आधीच लेखी ठरव. करेक्शनच्या दोन फेऱ्या, सगळे बदल टाइमकोडसकट, म्हणजे कितव्या मिनिट-सेकंदाला ते लिहून, एकाच मेसेजमध्ये, रात्री नऊनंतर आलेलं सकाळी बघणार. दोन-चार जण कुरकुर करतील, एखादा सोडूनही जाईल. जाऊ दे. स्टुडिओत एवढं बोलता येणार नाही, पण सीनियरशी बोलून आठवड्यातल्या एका दिवसाची वेळ तरी ठरवून घे, की त्या संध्याकाळी सातला मी निघणार. नाटकाची तिकिटं त्या दिवसाची काढ. पैसे भरलेले असले की माणूस निघतो.

एक गोष्ट मला पत्रावरून कळत नाही, ती तू तपासून बघ. सिनेमाच नकोसा झाला असेल तर वर लिहिलेलं पुरे. पण मित्र, जेवण, आवडतं गाणं, क्रिकेट, सगळ्यातलीच गोडी गेली असेल, झोप येतच नसेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर फॅमिली डॉक्टरांना सांग. सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मोफत आणि मराठीत बोलता येतं. यात लाजण्यासारखं काहीही नाही. आणि जाशील तेव्हा डोळेही तपासून घे. पडद्याकडे टक लावून बघताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या कशाकडे तरी वीस सेकंद बघायचं, एवढं स्टुडिओत सहज जमतं.

राहिला टीव्ही. बोनसमधून आधी चांगली खुर्ची घे आणि घरी लग्नांची कामं करतोस तिथला मॉनिटर डोळ्यांच्या पातळीवर येईल अशी सोय कर. मर्च तर उभं राहूनच संकलन करतो. तुझी पाठ अजून पंचवीसची आहे, ती पस्तिशीतही हवी आहे. एवढं करून पैसे उरले तर टीव्ही घे, माझी ना नाही, घरात चार माणसं आहेत. पण घरी आणल्याबरोबर सेटिंगमध्ये जा आणि मोशन स्मूदिंग बंद कर. बऱ्याच टीव्हींत ते सुरूच असतं. सेकंदाला २४ फ्रेमच्या सिनेमात टीव्ही स्वतःच्या फ्रेम घुसवतो आणि सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसायला लागतो. तुला ते लगेच खटकेल, बाकीच्यांना काहीतरी बिनसलंय एवढंच जाणवेल. ते काम तुझं. सेटिंग झालं की रिमोट आईकडे दे.

तुझी,
ताई